इंद्रकला दिवसा झोपते

इंद्रकला रात्रपाळी करून येते
लाखांदूरच्या दवाखान्यातून, पहिल्या एसटीने.
आठ वाजता चहात बुडवून अर्धी पोळी,
खिडकीवर जाड चादर,
आणि मग घरानं बोलायचं नाही.

मिक्सर बोलत नाही. कोंबड्या मागच्या वाडीत.
बोलायची ती माझी काचेची टाकी,
चार फुटी, तळाला आमच्याच तलावाची रेती,
आत दाडक, झिंगे.
वरून सांडणारं पाणी पाइपात शिरताना
ढेकर द्यायचं, घोट घ्यायचं,
पुन्हा ढेकर.
"मासे राहू दे," ती उशीखालून म्हणाली,
"पन त्या नळीचा गळा दाब."

मी मोटारी भरतो. हे जमायला हवं होतं.
एक इंचाच्या जागी दीड इंची पाइप लावला:
ढेकर मोठा झाला.
तोंडात स्पंज कोंबला:
तिसऱ्या दिवशी शेवाळानं तो बुजला
आणि पहाटे फरशीवर घोटाभर पाणी,
पाण्यात दाडक. दोन वाचले.

दुधरामकाका आला. बावीस वर्षं त्यानं
तलावाचा तुडूम उघडला, लावला.
खुर्ची नको म्हणाला, उकिडवा बसून
टाकीकडे नाही, पाइपाकडे कान लावला.
"तुडूम उघडला का पयले गुडगुडते, लेका.
नळ भरून वाहाले लागला का चूप.
तुया नळीत अर्धं पानी न अर्धी हवा.
एका खाटेवर दोघं, भांडतीलच ना."

उथळ पाण्याला खळखळाट फार,
हे शाळेत पाठ केलं होतं.
पाइपालाही लागू, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग नव्या काचेला तीन भोकं.
मातीचं आळं करून त्यात पाणी,
हिऱ्याची कडी हळू, थांबून थांबून,
शेवटच्या मिलिमीटरला पंखासुद्धा बंद केला.
(तरी पहिली काच तडकलीच. साडेआठशे.)

पहिला नळ पूर्ण बुडालेला, खाली व्हॉल्व्ह,
प्लास्टिकचाच, पितळेनं झिंगे मरतात.
व्हॉल्व्ह केसाएवढा फिरवायचा
आणि अर्धा तास वाट पाहायची.
पुन्हा केसाएवढा.
हवेला शिरायला जागा उरली नाही
त्या क्षणी खोलीत काहीतरी कमी झालं,
मला वाटलं लाइन गेली.
जागेवर नेलपॉलिशची खूण केली,
तिच्या बहिणीच्या लग्नातली, सुकत आलेली बाटली.

दुसऱ्या नळात उरलंसुरलं पाणी,
भिंतीला धरून उतरणारं, चपला हातात घेतल्यासारखं.

तिसरा सगळ्यात उंच आणि कोरडा.
त्याला मी गप्प केलं नाही. मुद्दाम.

लाइन तर रोज जाते.
पंप थांबतो, वरचं पाणी कडेपर्यंत उतरतं
आणि तिथंच राहतं. त्याच्यासाठी
खालच्या टाकीत सहा बोटं जागा रिकामी,
बादलीनं तीनदा मोजून ठेवलेली.
लाइन येते, पहिला नळ खोकतो,
पोटातली हवा टाकून देतो, मिनिटभरात चूप.
इंद्रकला कूस बदलते, इतकंच.

काका पुन्हा आला तेव्हा बराच वेळ बसला.
"चालू हाये का हे?" त्यानं विचारलं.
मी त्याचं बोट धरून पाण्यात बुडवलं.

त्या बुधवारी मी साकोलीला होतो, तांब्याची तार आणायला.
संध्याकाळी परतलो तर ती कामाला गेलेली,
टाकीशेजारी ओला टॉवेल,
ओट्यावर वाटीत पाणी, वर चहाची गाळणी पालथी,
आत एक गोगलगाय,
पाइपाच्या तोंडाएवढी नेमकी.
औषधाच्या रिकाम्या पाकिटावर दोन ओळी:

तिसरा बोलला. मी उठली.
याची सोय कर.